दादाच्या लग्नपत्रिकेचं गॅस्केट

नांदेडहून रेणापूरला जायला एसटी आहे, जीप आहेत, लातूरपर्यंत नेणाऱ्या ट्रॅव्हल्स आहेत. मी गेले ती अण्णांच्या जुन्या मोटारसायकलवर. का, तर माझा भाऊ म्हणाला होता की जमणार नाही. एवढं कारण मला पुरतं.

मी जनावरांच्या दवाखान्याचं शिक्षण घेतलेली बाई. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक रेणापूर तालुक्यात झाली. हे काम खुर्चीत बसून होत नाही. गाय फुगली की गोठ्यात जावं लागतं, आणि गोठे काही एसटीच्या थांब्याला बांधलेले नसतात. म्हणजे गाडी हवीच. अण्णा, म्हणजे माझे वडील, वारल्यापासून त्यांची गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. किक मारली की धूर सोडायची, इंजिनच्या सांध्यातून तेल गाळायची आणि चढ दिसला की मान टाकायची. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने लांबूनच बघितली आणि हसत म्हणाला, "ताई, भंगारात द्या."

मिलिंददादा, माझा थोरला भाऊ, अर्धापूरची केळी वाहणारा टेम्पो चालवतो. त्याला तर निमित्तच मिळालं. "बदलीचा अर्ज टाक सुजे. इथंच कुठंतरी टेबलावर बसवतील. एकटी पोरगी रानामाळात फिरणार, तेबी ह्या खटाऱ्यावर? लोक मला काय म्हणतील?"

"गाडी मी नीट करते," मी म्हणाले.

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. "लागली पैज! रेणापूरला नेऊन दाखव. वाटेत बंद पडली तर टेम्पोत टाकून आणीन, आन् मग तू गुमान अर्जावर सही करायची."

"लागली," मी म्हणाले. जीभ टाळ्याला लावायची सवय मला लहानपणापासून नाही.

अंगणात आईची जुनी सतरंजी पसरली, मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि इंजिन उघडलं. वरचं हेड निघालं, आणि आत काय दिसावं! दूध करपल्यावर पातेल्याच्या बुडाला खरपुडी धरते, तसा पिस्टनच्या माथ्यावर काळाकुट्ट कार्बन. चाकूने खरवडलं तर ओरखडे पडतात, म्हणून डिझेलमध्ये भिजवून बांबूच्या कामटीने काढला. व्हॉल्व्ह झाले, रिंगांच्या खाचा झाल्या. हात असे काळे झाले की आई म्हणाली, "भाकरी थापायला येऊ नको बया, पीठ काळं करशील." मला तेवढंच हवं होतं.

इंजिनचे दोन भाग जिथे एकावर एक बसतात तिथे मध्ये गॅस्केटचा पातळ पत्रा नाहीतर कागद लागतो. हेडचं नवं गॅस्केट नीट बसलं. सिलिंडरच्या बुडाचं कागदी गॅस्केट मात्र माझ्या हातून फाटलं. दुसरं आणायचं तर त्या हसऱ्या मिस्त्रीच्या शेजारच्या दुकानात जायला हवं होतं. मी कशाला जातेय! आमच्याकडे अडीनडीला मिस्त्री लोक जाड कागदाचं गॅस्केट कापतात, आणि घरातला जाड कागद म्हणजे लग्नपत्रिका. फळीवर गठ्ठा होताच.

"बुद्धाचा फोटो असलेली कापू नको," आई स्वयंपाकघरातून ओरडली. "बाबासाहेबांची बी न्हाई!"

आमच्या लोकांच्या पत्रिकांवर दोघेही असतातच. शोधून शोधून दमले. शेवटी दादाच्याच पत्रिकेचं मागचं पान सापडलं. त्यावर नुसती उठावाची सोनेरी वेल होती, फोटो कुणाचा नव्हता. कागद सिलिंडरच्या बुडावर धरायचा, कडेकडेने हलकी हातोडी मारायची, ठसा उमटतो, तिथे कापायचं. कापलं, बसवलं, तेल भरलं. तिसऱ्या किकला गाडी बोलायला लागली. धूर नाही, गळती नाही. मी अंगणात नाचले. दादाला पत्रिकेचं कळलं तेव्हा तो म्हणाला, "माझं लग्न इंजिनात घातलं का गं?"

सोमवारी सकाळी निघाले. मागे एक पिशवी कपड्यांची, एक हत्यारांची, आणि शिकत असताना घेतलेली माझी जनावरांच्या उपचाराची पेटी. दादा टेम्पोला टेकून उभा होता. "फोन चार्ज हाय ना?" त्याने मुद्दाम विचारलं.

गोदावरीच्या पुलावर वारं अंगावर आलं. अण्णा याच पुलावरून मला पुढे टाकीवर बसवून न्यायचे. विष्णुपुरी मागे पडली, सोनखेड गेलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याला लागलेलं, मध्येच हळदीचे पट्टे. लोह्याला थांबून गरम भजी मागवली. हॉटेलवाल्याने विचारलं, "मॅडम, नवरा मागून येऊन राहिला का?" मी म्हणाले, "न्हाई, भजी येऊन राहिलीत का ते बघा." शेजारच्या बाकावरचे म्हातारे खो खो हसले.

लोह्याच्या पुढे इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली. मी ऐकलं आणि नाही ऐकल्यासारखं केलं. माळाकोळी गेली, रस्ता बालाघाटाच्या डोंगरात चढायला लागला आणि टकटकीची खडखड झाली. गरम लोखंडाचा वास आला. गाडीचा दम तुटला, मी चढाच्या मधोमध कडेला घेतली आणि ती बंद पडली.

बंद पडली! मी हेल्मेट काढून रस्त्याच्या कडेला आपटलं. फोन काढला. दादाचं नाव सगळ्यात वर होतं. एक फोन केला की टेम्पो येणार, गाडी वर चढणार, मी केळीच्या पानांशेजारी बसून घरी जाणार आणि सही करणार. त्या क्षणी खरं सांगते, मला रडू आलं. पण रडतानाही राग जास्त होता. फोन पिशवीच्या तळाशी कोंबला.

गाडी निवली तेव्हा हेडवरचं छोटं टोपण उघडलं. आत सगळं तेलाने माखलेलं असायला हवं. होतं कोरडं ठणठणीत. तेल खाली भरलेलं, मग वर का पोचत नाही?

एवढ्यात एक पिकअप थांबली. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "ताई, टाका मागं. लातूरला सोडतो. बायकांचं काम न्हाई हे."

"तुमची गाडी बंद पडल्यावर तुम्ही बायकोला बोलावता का?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझी मी बघते. जावा तुम्ही."

तो बडबडत गेला. बांधाच्या पलीकडे खुरपणी करणारी एक बाई हे सगळं बघत होती. खुरपं कमरेला खोचून ती वर आली. कांताबाई तिचं नाव. "माय, उन्हात कशाला बसून राहिलीस? त्या लिंबाखाली घे की." आम्ही दोघींनी गाडी ढकलून लिंबाच्या (कडुलिंबाच्या) सावलीत नेली. धूळ बसू नये म्हणून तिने बांधावर वाळत टाकलेलं आपलं लुगडं अंथरलं. मी नको नको म्हणाले. "धुतलं की निघतंय," ती म्हणाली.

मी इंजिन पुन्हा उघडायला लागले आणि तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुठली, कुणाची, कुठं चाललीस.

"जनावराची डॉक्टर हाईस?" तिने कमरेचं खुरपंच काढून खाली ठेवलं. "आमच्याकडं येतच न्हाई कुणी वेळेला. वाहन न्हाई म्हणतेत. मागच्या पोळ्याच्या आधी माझा बैल फुगून मेला. पहाटंच सांगावा धाडला होता, दुपारी आलं कुणीतरी. तवर डोळे पांढरे झालते त्याचे."

  मी पाना जोरात फिरवला.

हेड निघालं, सिलिंडर वर ओढला आणि दादाची पत्रिका बाहेर आली. ती बघितली आणि मी कपाळावर हात मारला. खालून तेल वर जायला एक बारीक भोक असतं. मोठ्या बोल्टांची भोकं मी बरोबर पाडली होती. पण या बारक्या भोकाचा ठसा नेमका सोनेरी वेलीच्या उठावात हरवला होता. मला तो दिसलाच नव्हता. दादाच्या लग्नाची वेल तेलाच्या वाटेत आडवी पडली होती. जे काही वर गेलं असेल ते कडेने झिरपलेलं.

"आता गं?" कांताबाई म्हणाली.

"आता भोक पाडायचं."

पण कशाने? कात्रीने पाडलं तर कागद फाटणार, आणि फाटला की संपलं. दुसरी पत्रिका कुठून आणू त्या माळावर? हत्यारांची पिशवी उपसली, काही सापडेना. मग पेटी आठवली. पोट फुगलेल्या जनावराच्या डाव्या कुशीत खुपसून वायू काढायला एक जाड सुई असते, तिच्यावर बसणारी पोलादी नळी असते. त्या नळीचं तोंड धारदार गोल. गॅस्केट दगडावर ठेवलं, नळी टेकवली, वर पान्याचा एक ठोका. टिकलीसारखा गोल सोनेरी तुकडा खाली पडला आणि भोक असं साफ पडलं की मी ओरडलेच.

"ह्यानंच माझा बैल वाचला असता का?" कांताबाईने नळीला बोट लावून विचारलं.

"हाव."

 ती उठली आणि म्हणाली, "लाव माय तुझी गाडी. लवकर लाव."

सगळं जागच्या जागी बसवलं. समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत गेले, घाई केली नाही. मधे तिने भाकरी आणि हिरव्या मिरचीचं कोरड्यास (भाकरीबरोबरचं कालवण) दिलं. माझे हात काळे म्हणून घास तिनेच भरवले. इतका झणझणीत प्रकार की नाका-डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग किक. नाही. पुन्हा किक. गाडी सुरू झाली. मी टोपण सैल करून वाकले. चकाकणारं तेल हळूहळू वर आलं आणि माझ्या बोटावर उतरलं. मी कांताबाईला मिठी मारली. तिच्या चोळीवर माझ्या दहाही बोटांचे ठसे उमटले, आणि ती मला लटक्या शिव्या देत हसत राहिली.

अहमदपूरला चहा घेतला. शिरूर ताजबंद, चाकूर, कुठेही टकटक नाही. लातुरात गंजगोलाईत शिरले आणि वाट चुकले. तिथे इतके रस्ते फुटतात की दोनदा त्याच कापडाच्या दुकानापुढे आले. दुकानदार म्हणाला, "बाई, घ्या की मग एखादी साडी." रेणापूरला पोचले तेव्हा दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता. शिपायाने माझ्या हातांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि खुर्ची पुसून दिली. हजर झाले.

त्या आठवड्यात मी लांबलांबच्या गोठ्यांवर गेले. शनिवारी नांदेडला निघाले तेव्हा वाटेत कांताबाईच्या बांधावर थांबले, तिला नवं लुगडं दिलं. तिने ते घेतलं आणि माझ्या हातात शेंगांची पिशवी कोंबली. गोदावरीचा पूल पुन्हा आला. जाताना मी सारा रस्ता दादाला दाखवून द्यायला गाडी चालवत होते. येताना कुणाला काही दाखवायचं नव्हतं, आणि गाडी तशीच चालत होती. त्या पुलावर मला माझाच राग आला. अख्ख्या आठवड्यात एकही गोठेवाला मला म्हणाला नव्हता की आधी भावाला विचारून ये. मग मी कशाला विचारत बसले होते?

दादा अंगणातच होता. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "कुठं बंद पडली का?"

खोटं बोलता आलं असतं. घरच्या कुणी बघितलं नव्हतं.

"पडली. माळाकोळीच्या पुढं, चढावर."

त्याने टाळी वाजवली. "म्हणलो होतो! मग ठरल्याप्रमाणं सही."

आई उंबऱ्यात थबकली.

"पैज हरले, कबूल," मी म्हणाले. "सही न्हाई करणार."

"शब्द दिला होतास."

"दिला होता. द्यायला नको होता. माझी नोकरी पैजेवर लावायचा हक्क तुला बी न्हाई आन् मला बी न्हाई. राग आला तर येऊ दे दादा. सोमवारी मी जाणार."

 तो गाडीच्या टाकीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "आन् परत अशी रानात बंद पडली तर?"

"परत उघडीन," मी म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.