बुटकी ठेवा, उंच काढा

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी कॅनडात, विनिपेगला पोलिसांच्या अमली पदार्थ पथकात होतो. शहराबाहेरच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "शेजाऱ्याकडे दोरासाठी हेम्प लावायचा परवाना आहे. पण काचघरात तो उंच रोपं उपटतो आणि खुजी राखतो. खुज्या झाडाचा दोर वळतात का कुणी?"

हेम्प म्हणजे नशा न आणणारी भांग. धाग्यासाठी ती उंच, सरळ, कमी फांद्यांची लागते. शेतात तशीच उभी होती. वॉरंट घेऊन मागच्या काचघरात शिरलो, तर कमरेइतकी, दाट फांद्यांची, गांजाची असतात तशी झुडपं. प्रत्येकाला एक चिठ्ठी.

"ही कुठली सांकेतिक लिपी?" सहकारी म्हणाला.

लिपी देवनागरी होती. 'बुटकी, पेरं जवळ, लवकर फुलते. बियाण्यासाठी ठेवा.' 'उंच, सडसडीत. काढा.' अक्षर ओळखीचं होतं. दर रविवारी स्वतःच्या घराच्या बेसमेंटमध्ये माझ्या मुलीला बाराखडी शिकवणाऱ्या काकांचं! सत्तरच्या दशकात भारतातून आलेले, गव्हाच्या संशोधनातून निवृत्त झालेले, इथल्या मराठी घरांचे वडीलधारे.

ओळख असल्याचं मी लगेच वरिष्ठांना लेखी कळवलं. चौकशी सहकाऱ्याकडे गेली. चिठ्ठ्या वाचायला तेवढं मला बसवलं. वकिलाशी बोलून झाल्यावरही काकांनी जबाब द्यायचं ठरवलं.

"मला वाटलं, हेम्पच आहे," ते म्हणाले.

मी चिठ्ठी मोठ्याने वाचली. "मग उंच रोपं का काढलीत?" सहकाऱ्याने विचारलं.

"गव्हात आम्ही बुटकीच निवडायचो. सवय."

सहकारी शेतकऱ्याचा मुलगा. "उंच गहू वाऱ्याने लोळतो म्हणून. काचघरात वारा कुठला?"

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मालकाने सांगितलं होतं रे, काय हवंय ते. छताखाली मावेल, लवकर तयार होईल असं झाड. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. त्याने विचारलं."

जबाबावर सही करताना त्यांनी एकच चौकशी केली. "चौदावी ओळ उपटलीत का? तिचं बी अजून भरायचं होतं."

मी हबकलोच. पश्चात्तापाचा शब्द नाही, काळजी त्या ओळीची.

मालकाला कैद झाली, काकांना घरातच स्थानबद्धता.

तोवर मी आरोपीचा हेतू शोधताना लोभ, राग आणि भीती तपासायचो. समोरच्या माणसाला कुणी शेवटचं कधी काही विचारलं होतं, हेही त्यानंतर बघू लागलो. त्याने गुन्हा माफ होत नाही. पण मी स्वतः इतकी वर्षं त्यांच्या घरी जात होतो. गव्हाबद्दल त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.