यासीनचा कायदा

यासीनने सह्यांचे कागद थेट माझ्या टाइपरायटरवर ठेवले.

"सेक्रेटरीसाब, मोजून घे. पाहिजेत त्यापेक्षा जास्तच आहेत."

मी कागद मोजले नाहीत, त्याच्या तेल लावलेल्या मिशीकडे बघत बसलो. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

गोष्ट साठच्या दशकातली, यूएई हे नावही तेव्हा नव्हतं. अबुधाबीच्या वाळूत एका कॉन्ट्रॅक्टरचा कॅम्प होता आणि मी तिथे पर्सोनेल क्लार्क होतो. हजेरी, खोल्या आणि रजेचा रोस्टर, म्हणजे कोण कधी घरी जाणार याचा क्रम, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. माणसं बहुतेक आमच्या रत्नागिरी-रायगडकडची.

मेस, खोल्या, रजेचा क्रम असले छोटे नियम कॅम्प कमिटीने ठरवावेत, अशी कंपनीने मोकळीक दिली होती. कमिटीचा सेक्रेटरी म्हणून माणसांनी मला निवडून दिलं आणि कमिटीची घटना मीच लिहिली. आमच्या ऑफिसात एक स्विस सर्व्हेअर होता. तो सांगायचा, त्याच्या देशात लोक निवडून दिलेल्यांची वाट बघत बसत नाहीत. सह्या गोळा करतात, स्वतःच कायदा मांडतात आणि त्यावर सगळे मत देतात. मला ते फार भारी वाटलं. मी तसं कलमच घातलं: कॅम्पातल्या एक तृतीयांश माणसांनी सही केली की नियम सरळ मतदानाला, कमिटीला अडवता येणार नाही.

"व्हेरी मॉडर्न, लतीफ," कंपनीचे वेल्फेअर ऑफिसर म्हणाले. मी बरेच दिवस हवेत होतो. ते कलम कोणी वापरेल असं मला वाटलंच नव्हतं. मी होतो ना बोलायला!

आणि वापरलं कोणी, तर यासीनने. हा वेल्डर, श्रीवर्धनकडचा. आम्ही एकाच बोटीने आलो होतो. बोटीवरसुद्धा डेकवरची सगळी माणसं त्याच्याभोवती, आणि मी पेटीवर एकटा. कॅरममध्ये तो पहिला, मेसमध्ये त्याच्या ताटात माशाची मोठी तुकडी. माझ्याकडे मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं आणि त्याच्याकडे लोक होते. मी जळायचो, हे सरळ सांगतो.

त्याचा प्रस्ताव असा: ज्याने आपलं मूल अजून बघितलेलं नाही, त्याला रजेचा पहिला नंबर. बाकीच्यांचा क्रम नोकरीच्या सीनिऑरिटीने, पूर्वीसारखाच.

आमचा बेकर उस्मान, त्याचा मुलगा गावी चालायला लागला होता आणि बापाने त्याला पाहिलं नव्हतं. प्रस्ताव त्याच्यासाठी होता. पण रोस्टरवर पुढचा नंबर माझा होता आणि गावी माझा निकाह ठरला होता. सासऱ्यांनी आधीच एकदा तारीख बदलली होती.

"साहेब, हे कमिटीत यायला हवं होतं," मी वेल्फेअर ऑफिसरना म्हणालो.

"युवर ओन क्लॉज, लतीफ," ते म्हणाले. "शिफ्टला माणसं कमी पडू देऊ नका, बस."

मग मी प्रचाराला लागलो. कॅम्पात एका गावची माणसं एकाच खोलीत राहायची आणि वडीलधारा सांगेल तिकडे सगळी जायची. माझ्या गावची खोली सगळ्यात मोठी. तिथला शब्द हसनचाचांचा. त्यांनीच मला निवडून आणलं होतं, म्हणून मी निर्धास्त गेलो.

"चाचा, आपली माणसं माझ्या बाजूने ना?"

चाचा सुपारी कातरत होते. "लतीफ, तुला निवडला तो आमच्यासाठी बोलायला. आमच्या तोंडाला टाळं नाय लावलं."

"पण माझा निकाह..."

"मुलगी थांबेल. उस्मानचा पोरगा मोठा व्हायचा थांबेल काय?"

मतदान शुक्रवारी, नमाजनंतर. निम्म्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून पडद्यामागे बिस्किटांचे दोन रिकामे डबे ठेवले, हिरवा होकाराचा आणि लाल नकाराचा. प्रत्येकाच्या हातात एक खजुराची बी, ती टाकायची आणि बाहेर यायचं. डबे मी उघडले. लाल डबा हलवला तर तळाशी थोडा खुळखुळ झाला. हिरवा जड होता.

माणसांनी यासीनला उचलून घेतलं. कलम माझं होतं, टायपिंग माझं होतं, मतदानाची शक्कलही माझी होती, आणि खांद्यावर तो! त्या दिवशी मी जेवलो नाही.

उस्मान गेला. माझा निकाह पुढे ढकलला गेला. सासरे चिडले, पण मुलगी थांबली. पुढच्या खेपेला मी जाऊन निकाह करून आलो.

कॅम्पात परतल्यावर काही महिन्यांनी गावाहून तार आली, मुलगी झाली. मी नुकताच रजा घेऊन आलेलो, त्यामुळे रोस्टरच्या तळाशी होतो. पण नव्या नियमाने माझा नंबर पहिला लागत होता. ज्याचा नंबर मागे ढकलायचा, तो यासीन. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, आणि बाप नसल्यामुळे घरातला कर्ता तोच.

मी वेल्डिंग शॉपमध्ये गेलो.

"यासीन, तू म्हणशील तर मी अर्ज करत नाही."

त्याने तोंडावरचा मुखवटा वर केला. क्षणभर त्याचाही चेहरा पडला, ते मला दिसलं. मग म्हणाला, "कायदा केला तो काय दुसऱ्यांसाठीच? खलास! यल्ला, जा, पोरीला बघून ये."

"आणि बहीण?"

"गावाला माझा चाचा आहे, तो उभा राहील लग्नात. तू निघ."

रजेच्या अर्जात कारण लिहावं लागायचं. सगळा कॅम्प त्या नियमाला एकाच नावाने ओळखायचा. मी माझ्याच टाइपरायटरवर टाइप केलं: यासीनच्या कायद्यानुसार.

आता माझी ती मुलगी अबुधाबीत अल रीम आयलंडवर राहते. नातवाला ती सांगते, यासीनचाचांच्या कायद्यामुळे माझ्या अब्बांनी मला पाळण्यात बघितलं. नातू म्हणतो, "वॉव, ही मेड अ लॉ?"

कलम मी लिहिलं होतं, हे मी दर वेळी सांगतो. कोणी ऐकत नाही. ज्यांना कायदे लिहायची हौस आहे, त्यांनी एवढं धरून चालावं.