अकरा मोजून सलाम

खोलमत कडाक्याच्या थंडीतही बाह्या कोपराच्या वर दुमडतो. कमरेचं फडकं सोडून खुंटीला अडकवतो. सुती हातमोजे त्याच्या दुकानात शोधूनही सापडणार नाहीत. आधी डोळ्यांवर चष्मा, मग बटणावर बोट. घासायच्या यंत्राचं टोक बदलायचं असेल तर प्लग काढून समोर, दोन्ही डोळ्यांना दिसेल असा ठेवतो. टोक दोन पान्यांनी आवळतो, तोंड बाजूला करतो आणि यंत्र मिनिटभर नुसतंच फिरू देतो. कधी जोर लावत नाही. शुक्रवारी दाढीच्या जुन्या ब्रशने त्याच्या जाळीतला लोखंडाचा भुगा झाडतो आणि मोटरचे दोन्ही कार्बन काढून नखाने मोजतो. एक झिजला असला तरी दोन्ही बदलतो. आणि यंत्र बंद केलं की त्याचे ओठ हलतात.

ते ओठ हलणं कोकंद शहरातल्या कढईवाल्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. समोरचा चहावाला गफूर या उस्तादाला म्हणायचा, "उस्ता, अंगाई म्हणून निजवता की काय त्याला?" खोलमत हसायचा, पण मोजणं पुरं झाल्यावर.

तो एक ते अकरा मोजायचा. बटण बंद केल्यावर टोक पूर्ण थांबायला तेवढा वेळ लागतो. नऊलाच थांबलं तर समजायचं, बेअरिंग कोरडं पडलंय.

भट्टीवरून आलेल्या कढया खरबरीत असतात. पोटाला मोठं ग्राइंडर चालतं. पण दोन्ही कानांच्या आतली वळणं, जिथे बोट घातलं तर कापेल, तिथे फक्त हे लांब मानेचं डाय ग्राइंडर पोचतं. पुढे बोराएवढं दातेरी टोक. मिनिटाला पंचवीस हजार फेरे. आत इतक्या हलक्या हाताने फिरवावं लागतं की कान गुळगुळीत व्हावा आणि पातळ होऊ नये. लग्नाच्या पुलावाच्या मोठ्या कढया लोक लांबून त्याच्याकडे आणत.

तरी गल्लीत एक कुजबुज होतीच. माणूस दारात आला की आपल्याकडे उठायचं, उजवा हात छातीवर ठेवायचा, "या, या" म्हणायचं. खोलमत उठत नसे. यंत्र दोन्ही हातांत धरून बसून राही, नजर टोकावर. अकरा झाले की उठे. मग मात्र अगदी कमरेत वाकून सलाम करी. तोवर आलेल्या माणसाचा चेहरा पडलेला असे.

असं का, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. खूप वर्षांपूर्वी गल्लीतले एक वृद्ध दारात आले होते. त्याने घाईने बटण बंद केलं, फिरतं यंत्र टेबलावर ठेवलं आणि उठला. हात छातीवर होता तोच यंत्र टेबलावरून सरपटत आलं, किटली पाडली आणि त्याच्या मांडीत शिरलं. सतरा टाके पडले. घरी सांगितलं, सायकलवरून पडलो. उस्ता म्हणवणाऱ्याने स्वतःच्या यंत्राकडून मार खाल्ला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

ते न सांगणं त्याला महागात पडलं.

चार वर्षांपूर्वी थोरला भाऊ तुख्तासिन, ज्याला तो आका म्हणे, आपल्या नव्या व्याह्यांना घेऊन दुकानात आला. मोठ्या कौतुकाने. "हा माझा धाकटा. अख्ख्या खोऱ्यात असा हात नाही." धाकटा बसलेलाच. मान खाली, ओठ हलताहेत. व्याही दारात उभे. अकरा आकडे कधी एवढे लांब नसतात.

व्याह्यांनी हसण्यावारी नेलं. तुख्तासिनने नाही.

"व्याह्यांसमोर लाज काढलीस माझी," संध्याकाळी तो अंगणात म्हणाला. "माझ्यापेक्षा ते भुंगं मोठं झालं तुला?"

"आका, तसं नाही हो."

"मग कसं? बोल ना!"

 खोलमतच्या ओठांवर सायकलची थाप आली होती, ती त्याने गिळली. तिसऱ्या दिवशी आका कामासाठी रशियाला निघून गेला. लांब जाणारा माणूस रोटीचा घास घेतो आणि उरलेली रोटी तो परत येईपर्यंत भिंतीवर टांगलेली राहते. आई रोटी घेऊन फाटकापर्यंत धावली. गाडी सुटली होती. तिने ती अख्खी रोटी तशीच खिळ्याला अडकवली. रोज सकाळी तिच्याकडे बघून म्हणायची, "घास घेतला नाही रे माझ्या पोराने." खोलमतला ते रोज ऐकावं लागे.

आका दर रविवारी आईला फोन करी. खोलमतचं नावही काढत नसे. तरी खोलमत रविवारी दुकान उशिरा उघडायचा. पलीकडच्या खोलीत बसून आवाज तरी कानावर पडायचा.

या वसंतात फोन बंद झाला. एक रविवार गेला. दुसरा गेला. नंबर लावला तर बाई रशियनमधून काहीतरी सांगायची आणि लाइन तुटायची. आईने जेवण कमी केलं. बायको मुकद्दस म्हणाली, "तिकडच्या कारखान्यात माणसं..." आणि पुढचं बोलली नाही. तुख्तासिन तिकडे पाइपांच्या आतले जोड घासतो, एवढं सगळ्यांना माहीत होतं. अशाच यंत्राने घासतो, हे फक्त खोलमतच्या मनात होतं. आका बाह्या दुमडत नसणार. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगू शकणारा माणूस इथे सायकलची थाप मारून बसला होता.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी तो एका मोठ्या कढईच्या कामाला बसला. उजवा कान झाला. डाव्याला टोक लावलं. उंबऱ्यावर बूट दिसले. जड, परदेशी, चिखल वाळलेले. टाच आतून झिजलेली. अशी टाच घरात एकाचीच झिजे.

त्याने बटण बंद केलं. एक. गुडघे आपोआप उठायला निघाले. दोन. त्याने ते दाबून धरले. तीन. वर बघितलं आणि बूट दुसऱ्याच कुणाचे निघाले तर? चार. आणि त्याचेच असले, आणि याही वेळी हा उठत नाही म्हणून तो वळून गेला तर? पाच. टोक अजून चमकत फिरत होतं. सहा. त्याच्या आयुष्यात एवढं उठावंसं वाटलेला क्षण दुसरा नव्हता. सात. बूट हलले नाहीत.

आठला त्याला दुसरा आवाज ऐकू आला. दारातला माणूसही मोजत होता. हळू, घोगऱ्या आवाजात. नऊ. दहा.

अकरा. टोक थांबलं. खोलमतने प्लग ओढला, यंत्र ठेवलं आणि उभा राहिला. हात छातीवर गेला.

"बारा," तुख्तासिन म्हणाला. "थांब. माझं यंत्र तेराला थांबायचं. तेरा. हां, आता ये."

मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. समोरून गफूरने किटली खाली ठेवली आणि ओरडला, "अरे, आका आला! आईला सांगा कुणीतरी!"

"आत्ता नको," तुख्तासिन म्हणाला. "आधी हे बघ." त्याने पिशवीतून कापूस भरलेला कोट काढला. डाव्या छातीवर मुठीएवढं भोक. आतला कापूस दोरीसारखा पिळलेला.

"आपल्याकडचा एक म्हातारा होता कामावर. मुकादमच, पण आपल्या बापाच्या वयाचा. मागून आला. मी पाइप घासत होतो. बटण बंद केलं, उठलो, यंत्र डाव्या हातात, उजवा छातीवर. 'सलाम' म्हटलं. कोटाची बटणं उघडी. यंत्राने कोट पकडला. गुंडाळत गुंडाळत वर आलं रे. कापसात अडकून बंद पडलं म्हणून वाचलो." त्याने सदरा वर केला. काळजाच्या जागी बोटभर लांबीची गुलाबी खूण होती. "नुसतं खरचटलंय. फोन कोटाच्या त्याच बाजूच्या खिशात होता, चुरा झाला. नंबर एकही पाठ नाही."

"दुसऱ्या कुणाच्या फोनवरून तरी, आका..."

"नंबर पाठ हवा ना. फरशीवर बसलो आणि पहिल्यांदा डोळ्यांपुढे तू आलास. मान खाली, ओठ हलताहेत. तेव्हा कळलं तू काय करत होतास. मग मीही मोजायला लागलो. लोक हसले. हसू देत." तो थांबला. "पण गाढवा, तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

खोलमतने विजारीचा पाय वर ओढला. मांडीवरच्या सतरा टाक्यांचे व्रण दाखवले.

तुख्तासिनने व्रणावर बोट ठेवलं. "ही सायकल?"

"हीच."

"बरीच धारदार होती." आणि तो इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. "आईला काय सांगायचं? तू सायकलवरून पडलास, मला कुत्रं चावलं?"

"छातीला, आका?"

"उंच कुत्रं होतं."

खोलमतही हसला. हसता हसता खाली बसला. 

घरी आईने आधी पोराचा चेहरा चाचपला. मग स्टुलावर चढून भिंतीवरची रोटी काढली. चार वर्षांची. "आता घे," ती म्हणाली. तुख्तासिनने दात लावून पाहिले. टकटक वाजली.

"खोलमत," तो म्हणाला, "हिला तुझंच यंत्र लागेल."

मुकद्दसने ती रोटी रश्श्यात भिजत घातली. आई बाजूला बसून राहिली, तो पहिला घास घेईपर्यंत.

त्या दिवशी खोलमत दुकानात परत गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कढई टेबलावर तशीच होती. उजवा कान आरशासारखा, डावा जेमतेम चतकोर घासलेला. दातेरी टोक यंत्रात तसंच. प्लग काढून समोर ठेवलेला, कुणाच्याही डोळ्यांना दिसेल असा.