क्लबचं मागलं दार

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. त्यात एखाद्या जागी मोजक्याच लोकांना प्रवेश असला की विचारूच नका. आतले बोलत नाहीत, म्हणून बाहेरचे जास्त बोलतात. लातूर नवीन जिल्हा झाला तेव्हा माझी नांदेडहून तिथल्या एका सरकारी कचेरीत बदली झाली. पहिल्याच आठवड्यात न्हाव्याने सांगितलं, क्लबात विलायती गालिचे आहेत. शिंप्याने सांगितलं, रात्री बारानंतर तिथे गाणं चालतं. दोघंही आत कधी गेलेले नव्हते.

इमारत निजामाच्या काळातली. डॉक्टर, वकील, अधिकारी असे मोजके मेंबर, आणि बार रात्री एकपर्यंत उघडा. मी पीत नव्हतो, पण कुतूहल हे माझं जुनं दुखणं. एक दिवस क्लबचे सेक्रेटरी कचेरीत आले. हे पेशाने वकील. त्यांनी माझं अक्षर पाहिलं आणि म्हणाले, "संध्याकाळी मोकळे असता का? आमचं रजिस्टर लिहायला माणूस पाहिजे."

किती वाजेपर्यंत बसायचं, तेही न विचारता मी हो म्हणालो.

*

पहिल्या रात्री घरी पोचलो तर बायको जागीच.

"काय आहे हो आत?"

"अकरा वेताच्या खुर्च्या, पत्त्यांची दोन टेबलं आणि भिंतीवर वाघाचं एक मुंडकं. त्याचा एक डोळा पडलाय."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगायचं नसेल तर नका सांगू," म्हणाली आणि कूस बदलून झोपली. पुढे दोन दिवस अबोला होता.

*

नियम एकच. मेंबर नसाल, तर कुणातरी मेंबरचे पाहुणे म्हणूनच आत यायचं. रजिस्टरात तीन रकाने: मेंबरचं नाव, पाहुण्याचं नाव, आणि यापूर्वी आला होता काय.

फाटकावर महेबूबमियाँ. एकदा नव्याने बदलून आलेले एक बडे साहेब जीपमधून उतरले आणि सरळ आत निघाले. महेबूबमियाँनी काठी आडवी धरली.

"साब, मेंबर कौन है आपका?"

साहेबांनी आपला हुद्दा सांगितला. महेबूबमियाँनी तो अदबीने ऐकून घेतला आणि म्हणाले, "वो तो ठीक है. मेंबर कौन है?"

शेवटी साहेबांच्याच हाताखालचे एक मेंबर पत्ते टाकून धावत बाहेर आले. मी लिहिलं: पाहुणे. साहेब त्या रात्री हाताखालच्या माणसाला विचारून खुर्चीत बसले.

*

मग दुष्काळ पडला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकर आला की गल्लीत भांडणं. क्लबात नोटीस लागली: मेंबरांनी पिण्याचे पाणी घरून आणावे.

डॉक्टर थर्मास आणायचे. इंजिनियर पोराची शाळेची बाटली गळ्यात अडकवून यायचे. बाटल्यांच्या कपाटाचं कुलूप काढून पाण्याच्या पिंपाला लावलं, आणि दारूचं कपाट तसंच उघडं राहिलं.

तक्रारवहीत एका मेंबरने लिहिलेलं मी स्वतः वाचलंय: "माझ्या थर्मासातले पाणी कोणीतरी प्यायले. व्हिस्की गेल्याबद्दल तक्रार नाही."

*

याच दिवसांत सेक्रेटरींना शिवलिंगअप्पांची आठवण झाली. अप्पा गोलाईच्या बाजारातले पेंडीचे व्यापारी. गळ्यात लिंग, पानाचंसुद्धा व्यसन नाही. मेंबरशिपसाठी त्यांचा अर्ज दोनदा नामंजूर झाला होता. शेरा असा: अर्जदार मद्यपान करीत नाहीत. पण त्यांच्या आडाला अजून पाणी होतं, तेही गोड, आणि सगळी गल्ली ते भरत होती.

सेक्रेटरी मला सोबत घेऊन गेले. रोज दोन पिंपं द्या म्हणाले. "गाडी मागल्या दारानं पाठवा, तिकडं सोयीचं पडेल."

अप्पा म्हणाले, "पानी देतो की. पर मागल्या दारानं न्हाई."

मग सांगितलं. क्लबातल्या दिव्यांना रॉकेल पुरवायचं काम त्यांच्या वडलांकडे होतं. रोज मागल्या पायरीवर डबा घेऊन उभं राहायचं, तासतासभर. आत बोलावणं नाहीच. उशीर का म्हणून विचारलं, तर आतले म्हणायचे, अंधारात दिसला नाहीस.

"बाबा आता ऐंशीचे झाले. दिवाळीपास्नं अन्न कमी झालंय," अप्पा म्हणाले. "त्यांला एकदा म्होरल्या दारानं आत न्यायचं हाय. म्हणून अर्ज केलता. आमाला दारू काय करायचीय?"

दुसऱ्या दिवशी अर्ज मंजूर झाला. मला फार बरं वाटलं.

*

पहिल्याच संध्याकाळी अप्पा वडलांना घेऊन आले. पांढरं धोतर, नवा फेटा, हातात काठी. महेबूबमियाँनी फाटकाची दोन्ही दारं उघडली. एरवी ते एकच उघडायचे.

मी रजिस्टर पुढे ओढलं. मेंबर, शिवलिंगअप्पा. पाहुणे, त्यांचे वडील. तिसऱ्या रकान्यासाठी विचारलं, "बाबा, यापूर्वी कधी आला होता का?"

"रोज," म्हातारा म्हणाला.

मी तसंच लिहिलं.

हॉलमध्ये सगळे मेंबर उठून उभे राहिले. डॉक्टरांनी आपली खुर्ची पुढे केली. म्हाताऱ्याने खुर्चीकडे पाहिलं नाही, वाघाकडेही नाही. "मागलं दार कुटं हाय?" एवढंच विचारलं.

मी कडी काढून दार उघडलं. ते उंबऱ्याच्या आत थांबले. बाहेर अंधार पडला होता.

"शिवलिंगा, तू जराक भाईर जा. पायरीवर हुबा ऱ्हा."

अप्पा वळसा घालून मागे गेले आणि पायरीवर येऊन उभे राहिले. आतल्या दिव्याचा उजेड त्यांच्या अंगावर पडला होता. म्हातारा काठीवर भार देऊन कितीतरी वेळ बघत राहिला. हॉलमध्ये कुणी पत्ता टाकला नाही.

मग तो माझ्याकडे वळला.

"दिसतंय की," म्हणाला.