पाठीमागचा श्वास

सायकलच्या शर्यतीत सोबतिणीचा चेहरा क्वचितच दिसतो. पुढचीची पाठ दिसते, मागचीचा श्वास ऐकू येतो. नेदरलँड्समधल्या वाखनिंगन गावच्या आमच्या हौशी संघात सात जणी होतो आणि आजही त्या मला चेहऱ्यांपेक्षा श्वासांनीच अधिक आठवतात. शाळेत गणित शिकवणारी आमची सर्वांत वेगवान सोबतीण नाकाने श्वास घेई. ती मागे आहे की नाही हे चाकाच्या बारीक सुरावरूनच ओळखावे लागे. आमच्या कर्णधाराचा श्वास मात्र दुरूनही कळे. एक लांब आत, दोन तुकड्यांत बाहेर. लहानपणी आईने मला वृत्ते शिकवली ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोटांनी ठेका धरून. लघू, गुरू, आणि जिथे थांबायचे ती यती. कर्णधाराचा श्वास तसा बांधलेला होता. शेवटच्या फेरीत, भर वाऱ्यातसुद्धा तिची यती चुकत नसे.

कर्णधार पन्नाशीची, उंच, दाराच्या चौकटीसारख्या खांद्यांची. लोकांना मोटार चालवायला शिकवणे हा तिचा व्यवसाय, त्यामुळे सायकलवर बसल्यावरही तिची शिकवणी थांबत नसे. "आरसा नाही म्हणून काय झालं? मान दिलीय ना देवानं? वळव." माझ्या किरकोळ अंगकाठीवर तिचा विशेष राग होता. या देशात डोंगर नाहीत. इथे चढायचा असतो तो वारा, आणि तो एकटीने चढता येत नाही. म्हणून एकीने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, बाकीच्यांनी तिच्या आडोशाला राहायचे, मग पाळी बदलायची. तिच्या पाठीमागे बसले की एकदम शांत वाटे, खोलीत येऊन दार लावून घेतल्यासारखे. माझ्या मागे बसणाऱ्यांना ते सुख नव्हते. "हिच्या मागे बसणं म्हणजे पावसात छत्रीच्या काडीमागे उभं राहणं," असे ती म्हणे, आणि मग माझ्याच मागे येऊन बसे.

संघाचा एक नियम होता. सरावात कुणाला पुढचीचे चाक धरवेनासे झाले की तिने "सुटले!" अशी हाक द्यायची. हाक आली की पुढचीने वेग कमी करायचा. का, कशाने, हे विचारायचे नाही. शर्यतीत मात्र ही हाक नसते. शर्यतीत जी सुटली ती सुटली. कर्णधाराने ती हाक कधी दिल्याचे आमच्यापैकी कुणालाच आठवत नव्हते.

महामारीच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिला तो आजार झाला. रुग्णालयात जावे लागले नाही, पण तीन आठवडे ती अंथरुणावर होती आणि उठली तेव्हा जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसून राहू लागली. तिला एकच गोष्ट हवी होती: उन्हाळ्यात शर्यती पुन्हा सुरू झाल्या तर संघासोबत आरंभरेषेवर उभे राहायचे. त्या काळात दोनच प्रौढांना बाहेर एकत्र येण्याची मुभा होती, त्यामुळे सरावाला तिला एकच सोबतीण निवडता येणार होती. तिने मला निवडले.

"मीच का?" मी विचारले.

"बाकीच्या मला मारून टाकतील. तुला तसंही जोरात जाता येत नाही."

डॉक्टरांनी तिला बजावले होते की वेगाच्या आकड्यांकडे पाहायचे नाही, शरीराचे ऐकायचे. तिने हँडलवरच्या मीटरवर काळी चिकटपट्टी लावली. "सगळ्यांनाच मास्क आहे," ती म्हणाली, "यालाही."

मार्चमधल्या त्या पहिल्या सकाळी आम्ही नदीच्या बांधावरून निघालो. खाली पुराचे पाणी कुरणांत साचून शिशासारखे चकाकत होते, त्यावर बदकांचा कल्लोळ चालला होता, आणि शेतांवर नुकत्याच फवारलेल्या शेणखताचा उग्र, आंबट वास थंड हवेत दाटून राहिला होता. मी पुढे होते. दहा मिनिटांत मागचा श्वास तुटू लागला. आत जाताना अर्ध्यावर अडखळे, बाहेर पडताना तीन तुकडे, चार तुकडे, आणि शेवटी शीळ घालावी तसा एक बारीक आवाज. ओळ कुठेही मोडत होती. मी "सुटले" या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही. माझ्या मीटरवर ताशी चोवीस किलोमीटर होते. मी पाय सैल सोडले. बावीस झाले, मग एकवीस. तेव्हा कुठे तो श्वास कसाबसा ओळीत बसला.

"किती?" मागून आवाज आला.

"तुला बघायचं नाहीये ना?"

"बघायचं नाही म्हणालेत. ऐकायचं नाही असं नाही म्हणाले."

मी म्हणाले, "सव्वीस."

तिचे हसू मला पाठीवर जाणवले.

इतकी मुरलेली बाई पाच किलोमीटरच्या फरकाने फसते कशी, असे मी पुढे स्वतःला अनेकदा विचारले. आजाराने तिचा वास गेला होता, तसाच कदाचित वेगाचा अंदाजही. कदाचित तिला फसून घ्यायचे होते. बांधावरून जाताना ती मला वास विचारायची. "आता काय येतंय?" मी सांगायची: शेणखत. ओली लोकर. नदीपलीकडच्या बागांत सफरचंदाचा बहर आला तेव्हा मी तिला सांगितले की हा वास जवळजवळ नसतोच, गुलाबपाण्याचा रिकामा पेला धुतल्यावर उरतो तेवढाच. "तू फार बोलतेस," ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, "पुन्हा सांग." वास मी तिला खरे सांगत होते. आकडे खोटे.

आईला मी हे फोनवर सांगितले. त्यात काही खटकण्यासारखे आहे हे पुण्यात बसलेल्या आईच्या ध्यानातही आले नाही.

"मग? आजारी माणसाला कुणी आकडा सांगतं का?" ती म्हणाली. "तुझा ताप एकशे तीन असायचा आणि मी म्हणायचे, शंभरला टेकलाय फक्त. थर्मामीटर झटकून मगच तुझ्या हातात द्यायचे. बरी झालीस की नाही?"

"झाले."

"मग झालं तर."

मलाही ते पटले. आमच्या घरी प्रेम असेच केले जाई: वाईट भाग आधी झटकून टाकायचा, मग हातात द्यायचे. त्याच एप्रिलात आईलाही ताप आला, आणि ती रोज सकाळी मला बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा सांगे. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. भारतातून येणारी विमाने बंद होती. जाऊन परत येता येईल की नाही हे कुणी सांगू शकत नव्हते. मी त्या आकड्यांवर डोके ठेवून झोपत असे. ते खरे होते का, हे मी तिला आजवर विचारलेले नाही.

उन्हाळ्यात प्रेक्षकांविना छोट्या शर्यती भरवायला परवानगी मिळाली. समुद्र हटवून केलेल्या सपाट जमिनीवर, बटाट्याच्या शेतांमधून जाणारा सरळ रस्ता आणि त्याच्या आठ फेऱ्या. सकाळी गाडीतळावर आम्ही अंतर राखून गोल उभ्या राहिलो. कर्णधाराने आपल्या सदऱ्यावर क्रमांक लावलेला होता.

गणिताच्या शिक्षिकेने तो पाहिला. "तू तयार आहेस? नक्की? इथे वारा बघितलास ना?"

"मार्चपासून सव्वीसने गप्पा मारत जातेय मी. गप्पा मारत! हिला विचार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

"खरं?" शिक्षिकेने विचारले. तिच्या विचारण्यात संशय नव्हता. इथे माणसे प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना उत्तर हवे असते, एवढेच.

एक वाक्य पुरेसे होते. ते माझ्या जिभेवर आले होते, त्याची धातूसारखी चव अजून आठवते. पण कर्णधार हातमोज्यांची बटणे लावत होती आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच तिचे खांदे पूर्वीसारखे रुंद दिसत होते.

"हो," मी म्हणाले.

आरंभाला ना टाळ्या वाजल्या ना घंटा. फक्त चाळीसएक बायकांचे बूट पेडलांत खटाखट अडकले आणि वेग वाढत गेला: तीस, चौतीस, सदतीस. पहिल्या वळणानंतर वारा डावीकडून आला. अशा वाऱ्यात रांग सरळ राहत नाही, ती तिरकी होते, आणि आडोसा रस्त्याच्या रुंदीएवढाच असतो. ज्यांना त्यात जागा मिळत नाही त्या उजव्या कडेला, गवताला घासत, एकट्या झुंजतात. मी कडेला होते. माझ्यामागे ती.

फेरी अर्धी व्हायच्या आत मला तो श्वास ऐकू आला. त्यात आता ओळच नव्हती. पाण्यात बुडवलेल्या भांड्यातून हवा सुटावी तसे नुसते बुडबुडे. माझ्या पायांना सवयीने कळले की आता सैल सोडायचे. पण इथे वेग माझ्या हातात नव्हता. तो पुढच्या चाळीस जणींच्या हातात होता. मी डावीकडे सरकले, हवेला भिडावे म्हणून कोपरे पसरली, छत्रीच्या काडीने जेवढा आडोसा करता येतो तेवढा केला. त्याचा काही उपयोग नव्हता. वारा बाहेर होता, आणि ती मोडत होती ती आतून.

आणि मग जी हाक शर्यतीत कुणी देत नाही, ती आली.

"सुटले!"

मी थांबले. म्हणजे पाय थांबवले. मधले अंतर दोन हात, दहा हात, पन्नास हात झाले, आणि पुढचा रंगीबेरंगी पुंजका एकाएकी पक्ष्यांच्या थव्यासारखा आवाज न करता दूर गेला. रस्त्यावर आम्ही दोघीच उरलो. दोन्ही बाजूंना बटाट्याची पांढरी फुले सपाट झोपली होती आणि पवनचक्क्या शांतपणे फिरत होत्या. माझा वेग सत्तावीसवर आला, मग चोवीस, मग बावीस. मागचा श्वास हळूहळू ओळीत आला.

मला चिकटपट्टी ओरबाडल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, "हे एकवीस आहे."

"हो."

"हे मला ओळखीचं आहे. छातीत असं, पायांत असं. हा आपला सव्वीस आहे."

मी मान वळवली नाही. मागे ब्रेक करकरले; ती सायकलवरून उतरली होती. मी परत फिरले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला गवतात बसून खोकत होती, आणि चिकटपट्टीचा तुकडा तिच्या हातमोज्याला चिकटला होता.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"सगळे?"

"सगळे."

मी तिला थर्मामीटरची गोष्ट सांगू लागले. त्या उघड्या वाऱ्यात ती इतकी निरर्थक वाटली की मी मधेच थांबले. तिने मात्र पूर्ण ऐकल्यासारखी मान हलवली.

"तेव्हा तू किती वर्षांची होतीस?"

"सात. आठ."

"मी बावन्न वर्षांची आहे," ती म्हणाली. "एकवीस आहे असं सांगितलं असतंस तर मी घरी राहिले असते. रडले असते, तुला शिव्या दिल्या असत्या. पण घरी."

मागे पडलेल्यांना उचलणारी गाडी आली. सगळ्या काचा उघड्या, चालकाच्या तोंडावर मास्क. एका वेळी एकालाच घेता येईल, असे तो म्हणाला. ती मागच्या आसनावर बसली, तिची सायकल टपावर चढली. निघताना तिने चालकाला वळणाआधी मान वळवायला सांगितले. मी उरलेला रस्ता एकटीने, वाऱ्याला कान देत, काटला.

त्या एका अर्ध्या फेरीने तिला पुन्हा सात आठवडे अंथरुणाला खिळवले. डॉक्टर म्हणाले की या आजारात असे होते, आणि किती दिवस हे सांगता येत नाही. मी मुगाची पातळ खिचडी करून तिच्या दाराशी ठेवत असे आणि बेल वाजवून फाटकाबाहेर उभी राहत असे. दार उघडे, हात बाहेर येई, डबा आत जाई. एकदाच तिने मान बाहेर काढली. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. "खरं सांगतेय." दार लागले. मी फाटकाला धरून तिथेच उभी राहिले. माफी मागण्यासारखे काही माझ्या हातात आहे आणि बरे करण्यासारखे काही नाही, हे एकाच वेळी कळण्याचा तो दिवस होता.

ऑक्टोबरात तिचा निरोप आला: बांधावर, अकरा वाजता. तिच्या हँडलवर मीटरच नव्हते. नुसती रिकामी पकड होती.

"तू पुढे," ती म्हणाली. "आणि दर मिनिटाला आकडा मोठ्यानं म्हणायचा. मी विचारणार नाही. तू म्हणायचास."

धुके होते. सडत्या सफरचंदांचा गोड, दारूसारखा वास नदीवरून येत होता. आम्ही निघालो.

"अठरा," मी म्हणाले.

मोटार लावलेल्या सायकलींवरून एक म्हातारे जोडपे आम्हाला ओलांडून गेले. आजोबांनी घंटी वाजवली.

"त्यांना मोटार आहे," ती म्हणाली.

"सतरा."

श्वास तुटायला लागला होता. एक आत, चार तुकडे बाहेर, शेवटी ती शीळ. मी पाय सैल सोडले. माझ्या घशात सव्वीस, पंचवीस, चोवीस असे सगळे दयाळू आकडे दाटून आले, आणि मीटरवरचा आकडा धुक्याच्या थेंबाखाली थरथरत राहिला. मी तो अंगठ्याने पुसला.

"चौदा," मी म्हणाले.

मागचा श्वास थांबला, जिथे थांबायला नको होते नेमका तिथे. मी मोजत राहिले. मग तो पुन्हा सुरू झाला.

"ऐकलं," ती म्हणाली. "पुढचा."