ब्रश ओठात धरायची सवय

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी अकरा वाजता अकोल्याच्या डॉक्टरांनी माझ्या जिभेवरची जखम मोजली. उजव्या कडेला, आठ मिलिमीटर, साडेपाच आठवडे जुनी. खोलीत आम्ही तिघेच होतो: डॉक्टर, मी आणि माझी पत्नी सुनंदा. "नॉन-हीलिंग अल्सर," डॉक्टर म्हणाले. म्हणजे न भरणारी जखम. "बायोप्सी करावी लागेल." म्हणजे जखमेचा बारीक तुकडा काढून त्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का, ते तपासायचे.

मग त्यांनी विचारले, "दिवसाला किती खर्रे?" खर्रा म्हणजे आमच्याकडे सुपारी आणि तंबाखू घोटून करतात ती पुडी.

"एकही नाही."

"सुपारी, तंबाखू?"

"कधीच नाही."

"इथे बसून सगळे हेच सांगतात," असे म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. सुनंदा माझ्याकडे पाहत होती.

कारंज्याला परतताना एसटीने मूर्तिजापूर सोडले. मग सुनंदा खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मले खरं सांगा. दर रविवारी दोन-दोन घंटे दार लावून बसता. बाहेर येता तं ओठ काळे. खर्रा खाऊन राह्यले ना तुमी?"

"नाही. घरी गेल्यावर दाखवतो."

मी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे, वय एकोणपन्नास. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात नोकरीला असताना खोलीतल्या मित्रांबरोबर एक खेळ खेळायचो. राक्षस, बुटके, जादूगार यांच्या इंचभर उंचीच्या फौजा टेबलावर मांडायच्या आणि फासे टाकून लढवायच्या. मला खेळापेक्षा त्या बाहुल्या रंगवण्यात जास्त रस होता. पुढे गावी आलो, लग्न झाले, खोका माळ्यावर गेला. यंदा मुलगी शिकायला अमरावतीला गेली तेव्हा तो खाली काढला. चाळीस सांगाड्यांची फौज बिनरंगाची राहिली होती. चष्मा लावूनही पहिल्या तिघांच्या दातांवर काळा रंग पसरला. नंतर हात वळणावर आला. त्याबरोबर जुनी सवयही आली. बारीक ब्रशाला टोक यावे म्हणून मी तो ओठात धरून जिभेवर फिरवायचो, नेहमी उजव्या कडेला.

पन्नाशीला आलेला माणूस बाहुल्या रंगवतो हे सांगायची लाज वाटली. मी शिष्यवृत्तीचे अर्ज तपासतो असे सुनंदाला वाटायचे, आणि मी ते तसेच वाटू दिले. दवाखान्यातही तेच केले. कर्करोगाचे नाव निघाल्यावर बाहुल्यांचा विषय काढणे मला जमले नाही. दुसऱ्या कुणी ही चूक करू नये, म्हणून लिहितो आहे.

घरी सुनंदाने एक सांगाडा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"याची तलवार गंजेल दिसते."

"मुद्दाम गंजवली. तपकिरीवर थोडा नारिंगी."

"अन् ब्रश तोंडात घालता?"

"टोक यायला. तू सुईत दोरा ओवताना करतेस तसंच."

"दोऱ्याले ओला रंग नसते." तिने सांगाडा खाली ठेवला. "कॅन्सर निघाला तं लेकीले काय सांगू मी? बाहुल्यानं झाला म्हणू?"

मी रंगाच्या बाटल्यांची झाकणे घट्ट लावली.

मंगळवारी बायोप्सीआधी तिनेच डॉक्टरांना सांगितले. "साहेब, हे खर्रा नाही खात. हे रंग खातात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि नीट विचारायला सुरुवात केली. कसला रंग, कोणती बाजू, किती वेळ. छोटा आरसा घालून उजवीकडची दाढ पुन्हा पाहिली. तिचा एक कोपरा तुटून धारदार झाला होता. "आधी दाढ घासते, वरून ब्रशाचे केस आणि रंग. भरणार कशी? पण तीन आठवड्यांच्या वर टिकलेली जखम तपासायचीच. अंदाजावर सोडायची नाही." भुलीचे इंजेक्शन, दहा मिनिटे, दोन टाके. दाढेचा कोपरा घासून गुळगुळीत केला.

अहवालाला आठ दिवस लागणार होते. मी मऊ भात खात होतो. रोज सकाळी सुनंदा मोबाइलचा उजेड पाडून जीभ पाहायची. "कमी दिसून राह्यलं," ती तिसऱ्या दिवशी म्हणाली. पाचव्या दिवशीही तेच म्हणाली, म्हणून मी विश्वास ठेवला नाही. सहाव्या दिवशी मी विम्याचे कागद एका फाइलमध्ये लावून टेबलावर ठेवले. तिने ती फाइल न उघडता कपाटात टाकली.

अहवालात लिहिले होते, "नो मॅलिग्नन्सी." म्हणजे कर्करोग नाही. वारंवार घासून झालेली जखम होती. महिन्याभरात ती भरली. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचे आहे.

"रंगवणं सोडू नका, चाटणं सोडा," डॉक्टर म्हणाले. आता मी टोक ओल्या फडक्यावर काढतो. पण हाताला ते लवकर कळत नाही. पहिल्या रविवारी ब्रश एकतीस वेळा तोंडाकडे गेला. हा आकडा माझा नाही, सुनंदाचा आहे. ती त्याच खोलीत मेथी निवडत बसते आणि मान वर न करता म्हणते, "तोंड." दुसऱ्या रविवारी सतरा, मग नऊ. काल दोन. दोन्ही वेळा माझे मला कळलेच नव्हते.