घरच्या माणसाचा नंबर

आमच्याकडे बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीचे पापड थापायचा, दिवस रविवार असतो, कारण मी जळगावहून शनिवारी संध्याकाळी पोचते आणि माझ्याशिवाय थापायला हात कमी पडतात. मी तिथे एका वाचनालयात काम करते. पारोळ्याला गाडी बदलून धुळ्याच्या हद्दीतल्या आमच्या गावात यायला अर्धा दिवस जातो. तो मी वाचत घालवते.

त्या शनिवारी पिशवीत पुस्तक होतं, पण वाचलं नाही. घरी आठ दिवसांपासून एक फॉर्म अडून होता. माझ्या पुतणीला सैन्यात जायचं होतं. तिला अजून अठरा पूर्ण नव्हती, म्हणून फॉर्मसोबत आईची सही लागणार होती. तिची आई, म्हणजे माझी भावजय, एवढंच म्हणाली होती की आबा सांगतील तसं. आबा माझे वडील. त्यांना विचारलं तेव्हा ते उठून गोठ्यात गेले. पुढे आठ दिवस त्यांनी त्या विषयावर तोंड उघडलं नाही आणि फॉर्मची मुदत मंगळवारी संपत होती.

माझा धाकटा भाऊ, या मुलीचा बाप, अकरा वर्षांपूर्वी सीमेवरच्या एका चौकीवर गोळी लागून गेला. तेव्हा ती सहा वर्षांची होती. घरात त्याचा फोटो आहे आणि कपाटात शालींची चवड आहे. दर सव्वीस जानेवारीला शाळेत या मुलीला पुढे बोलावतात, शाल आणि नारळ देतात. नारळ आम्ही फोडतो. शाली कोणी वापरत नाही.

रविवारी सकाळी अंगणात खाटेवर ओलं धोतर पसरलं. आंबवलेल्या ज्वारीचा घाटा भावजय चुलीवर ढवळत होती. मी, पुतणी आणि तिच्यासोबत रोज पहाटे रस्त्यावर धावणारी तिची मैत्रीण, अशा तिघी थापायला बसलो. घाटा गरम असतानाच हात ओला करून थापावा लागतो, नाहीतर बिबडा फाटतो. चुलतभावाचा मुलगा काठी घेऊन राखणीला उभा होता. तो धुळ्याला बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुतणी त्याला दादा म्हणते. आबा ओट्यावर बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांच्यासमोर आम्ही सगळेच जरा मोकळं बोलतो.

सुरुवात दादानेच केली. "काय जनरल साहेब, सही झाली का?"

"तुला काय करायचं?"

"मला काय. फॉर्म मीच भरून देणार आहे ना मोबाईलवर. दोनदा भरलाय, पाठ आहे."

"दोनदा भरला आणि दोनदा परत आला," मैत्रीण म्हणाली. "भरतीत छाती फुगली नाही म्हणून याला शांतता आठवली."

आम्ही हसलो. तोही हसला, पण मग म्हणाला, "खरं आहे. दुसऱ्यांदा परत आलो तेव्हा पहिल्यांदा विचार करायला वेळ मिळाला. त्याआधी नुसता धावत होतो. आपण कशासाठी धावतोय, कोणावर गोळी झाडायला, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं."

"मग आता काय आलं डोक्यात?" पुतणीने विचारलं.

"की लढाई ठरवणारा लढायला जात नाही. जो जातो त्याला कोणी विचारत नाही. तिकडचा पोरगाही असाच कुठल्या तरी रस्त्यावर धावून आलेला असतो. त्याचं आणि तुझं काय भांडण आहे?"

"काही नाही."

"मग?"

"घरात कोणी घुसलं तर तू भांडण आहे का ते विचारत बसशील?"

"घुसलं तर नाही बसणार. पण घुसलं हे सांगतं कोण? टीव्ही."

"बाबांना टीव्हीने नाही मारलं," पुतणी म्हणाली.

दादाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तेवढ्यात शेजारची शेळी कोपऱ्यातून आत आली आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला तोंड घालून मोकळी झाली.

"दादा, सीमा ओलांडली!" मैत्रीण ओरडली.

"अरे, हाकल ना!" पुतणी म्हणाली.

"नको नको, तो चर्चा करेल तिच्याशी. आधी विचारेल, ताई, आपलं भांडण काय?"

दादाने शेळीच्या पाठीत काठी घातली. ती एक बिबडा तोंडात घेऊनच पळाली. चुलीजवळून भावजय म्हणाली, "दोन गेले," आणि पुन्हा ढवळू लागली.

"बघ," पुतणी म्हणाली. "तू पण मारलंस."

"मारलं. आणि ती उद्या परत येईल. परवा पण येईल. मारून काय झालं?"

"बाकीचे बिबडे राहिले."

मला दोघांचंही पटत होतं. मी वाचनालयात बसून लढायांवरची पुस्तकं पोरांना काढून देते. परत आल्यावर कपाटात लावते. त्यांतल्या कुठल्याही पुस्तकातलं वाक्य या अंगणात बोलायची मला लाज वाटली असती.

दादा आता हळू बोलत होता. "मी काकांबद्दल वाईट बोलत नाही. पण ते गेले तेव्हा युद्ध चालू नव्हतं. कुठेच नव्हतं. मग त्यांचं मरणं बरोबर युद्धातलं की चुकीच्या युद्धातलं, हे आपण ठरवणार कसं?"

"युद्ध नव्हतं कारण तिथे ते उभे होते."

"हे शाळेतलं भाषण झालं."

"शाळेत शाल घ्यायला मी उभी राहते, तू नाही. मला माहीत आहे भाषण काय असतं." तिचा हात थांबला होता. "तिथे कोणीतरी उभं राहणारच आहे. मी नाही तर दुसऱ्या कोणाच्या घरचं. आणि मला दर वर्षी कोणाची तरी मुलगी म्हणून उभं राहायचा कंटाळा आलाय. एकदा माझ्या स्वतःच्या पायावर उभं राहू दे, कुठेही."

"सगळ्यांनीच उभं राहायला नाही म्हटलं तर?"

"तिकडच्यांनीही म्हणायला पाहिजे ना. तू जा सांगायला."

मैत्रीण पुन्हा हसली. पुतणी हसली नाही. तिने घाट्याचा नवा गोळा घेतला आणि म्हणाली, "बाबा देशाच्या कामी आले. मला एवढं पुरे आहे."

"कामी आले म्हणजे काय, ते एकदा सांग," दादा म्हणाला. "कोणाच्या कामी? कोणतं काम झालं?"

ओट्यावरून आबांचा आवाज आला. "माले बी तसंच सांगं व्हतं साहेबनी." मलाही साहेबाने तसंच सांगितलं होतं, असं.

आम्हा सगळ्यांना वाटत होतं की त्यांना यातलं काही ऐकू येत नाहीये.

ते कशाबद्दल बोलत होते हे मला आणि भावजयीला कळलं. मुलांना कळलं नाही, म्हणून आबांनी त्यांना सांगितलं. मी ते इथे माझ्या शब्दांत लिहिते, कारण त्यातला एक भाग त्यांनी सांगितला नाही आणि तो फक्त मला माहीत होता, असं मी त्या सकाळपर्यंत समजत होते.

अकरा वर्षांपूर्वी फोन आला तेव्हा सुट्टी होती आणि मी याच ओट्यावर वाचत बसले होते. आबांना नीट ऐकू यावं म्हणून त्यांच्या मोबाईलचा स्पीकर नेहमी चालू असतो. पलीकडून एक माणूस हिंदीत बोलत होता. आवाज चांगला होता, शांत. त्याने आबांना बाबूजी म्हटलं, स्वतःचा हुद्दा सांगितला, आणि मग म्हणाला, "आपका बेटा देश के काम आ गया, बाबूजी."

आमच्या आबांची हिंदी बाजारातली. कापसाच्या व्यापाऱ्याशी बोलायची. त्यांनी ऐकलं की मुलगा कामाचा निघाला. ते खुलले. म्हणाले, "हां साहेब, काम आनाच चाहिए. लहानपणसे कामाचा है वो."

पलीकडचा माणूस थांबला. त्याला वाटलं असेल की बाप फार धीराचा आहे. "हम लोग आ रहे हैं बाबूजी, सरपंच जी से भी बात हो रही है," असं म्हणून त्याने जय हिंद केलं. आबांनीही मोठ्याने केलं. मग त्यांनी आत हाक मारली, की साहेब लोक घरी येताहेत, पोराचं नाव काढलं, चहाला दूध जास्त लागेल.

मला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. काम आना, कामी येणं, दोन्ही भाषांत त्याचा तो दुसरा अर्थ, लढाईत जीव जाण्याचा, मी पुस्तकांत कितीतरी वेळा वाचला होता. आबा माझ्याकडे बघून हसत होते. मी म्हटलं, दूध मी आणते. किटली घेतली आणि डेअरीवर गेले. परत आले तेव्हा सरपंच आणि चार माणसं दारात उभी होती, आणि आबा त्यांना बसा बसा म्हणत होते.

मधे वीस मिनिटं गेली असतील. पुढे भावजयीने मला एकदाच विचारलं होतं की तुम्हाला कधी कळलं. मी सांगितलं, सरपंच आले तेव्हा.

हे सगळं मुलांना सांगताना आबांचा आवाज कुठे चढला नाही. दादाने काठी जमिनीवर ठेवली होती. मैत्रीण घाट्याच्या परातीकडे बघत होती. शेवटी आबा म्हणाले, "माले समजनं नही." मग हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "हिले समजनं व्हतं."

मी भावजयीकडे बघितलं नाही. चुलीवर पळी फिरत होती ती थांबली.

"आबा, तुम्हाला कसं..." मी म्हटलं.

"दूध लेवाले तू अनवानी गई व्हती," ते म्हणाले. दूध आणायला मी अनवाणी गेले होते. मला ते आजही आठवत नाही. पण आमच्या गल्लीत खडी टाकलेली होती आणि त्या रात्री माझे पाय दुखत होते, हे आठवतं. मी ते दुःखाच्या खात्यात टाकून दिलं होतं.

घाटा थंड होत चालला होता. मग आबांनी पुतणीला हाक मारली.

"पोर, तो फॉर्म भर. पन घरना मानूसना नंबर इचारतस ना, तठे मना नंबर टाकू नको. तुनी मायना बी नको. अक्काना टाक. तिले त्यासनी भाषा समजस."

भावंडांत मी सगळ्यांत मोठी, म्हणून मी अक्का. आबाही मला तेच म्हणतात.

दादा पुढे झाला. "आबा, म्हणजे तुम्ही हो म्हणताय?"

"मी हो कोठे सांगं? मी नंबर सांगा." ते उठायला लागले. "हो सांगाले तिनी माय शे. लढाई बराबर का चूक, ते तुम्ही शिकेल पोरे बठ्ठा मिळीसन ठरावा. माले फक्त इतलं शे, फोन उना तर घरमा कोनी हासाले नको."

हो म्हणायला तिची आई आहे, लढाईचं शिकलेल्या पोरांनी मिळून ठरवावं; फोन आला तर घरात कोणी हसायला नको, एवढंच. ते गोठ्याकडे गेले.

भावजयीने पळी बाजूला ठेवली. घाटा आता थापता येणार नव्हता, त्यात तिने गरम पाणी ओतलं. मग माझ्याशेजारी येऊन बसली. मला वाटलं आता ती विचारेल, अकरा वर्षं काय म्हणून लपवलंत. ती म्हणाली, "दीड लिटर आणलं होतं तुम्ही. दुसऱ्या दिवशी ते नासलं."

"हो."

"सरपंच सांगेपर्यंत मी ते साहेबांसाठी तापवत होते. साखर पण घालून ठेवली होती आधीच."

"मला माहीत आहे."

तिने माझ्या हाताखालचा फाटलेला बिबडा बोटाने सारखा केला. ती रडली नाही. मीही नाही. तिने मुलीला विचारलं, "तुला जायचंच आहे?"

"जायचंय."

"हा सांगतो ते ऐकूनसुद्धा?"

"तो सांगतो ते खोटं नाही. तरी जायचंय."

भावजयीने पदराला हात पुसले. दादाने आतून कागद आणला. सही करताना तिच्या अंगठ्याला उरलेला ओला घाटा कागदाच्या कोपऱ्याला लागला. दादाने तो कागद उन्हात धरून वाळवला आणि मगच मोबाईलने त्याचा फोटो काढला. बाकी फॉर्म तो तिथेच खाटेच्या कडेला बसून भरत गेला. भरताना एकदा म्हणाला, "मला अजूनही पटत नाहीये." पुतणी म्हणाली, "स्पेलिंग नीट टाक." घरच्या माणसाचा नंबर आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. माझा नंबर त्याला पाठ आहे, तरी मी एकेक आकडा सांगितला आणि त्याने एकेक टाकला.

त्या दिवसापासून वाचनालयातही मी मोबाईलचा आवाज बंद करत नाही. तिथे आवाज बंद ठेवायचा नियम आहे आणि तो पाळायला लावणं हे माझंच काम आहे. वाचकांना मी कारण सांगितलेलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी कपाटांच्या मधे उभी होते. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. त्याने पुतणीचं नाव घेतलं आणि विचारलं, आपण तिच्या घरच्या का. मी हो म्हटलं. त्याने सांगितलं की एका दाखल्याची प्रत अस्पष्ट आली आहे, मैदानी चाचणीला येताना मूळ दाखला आणायला सांगा. मी त्याला पुन्हा एकदा पूर्ण सांगायला लावलं. त्याने सांगितलं. तो जरा कंटाळला होता.

मी लगेच आबांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नीट समजनं का?"

"समजलं, आबा. दाखला लागणार आहे."

"दुसरं काही नही ना त्यामा?"

"नाही. दाखलाच."

त्यांनी फोन स्पीकरवर ठेवूनच पुतणीला हाक मारली. मला पलीकडे अंगणातला आवाज ऐकू येत राहिला. ती धावत आली आणि तिने कपाट उघडलं. शाली खाली पडल्याचा मऊ आवाज झाला, कारण दाखले त्यांच्या मागे ठेवलेले असतात.